शांततेचं शेपूट

कात्रीला कात्री हे नाव तिच्या मामानं ठेवलं. कपडे कापण्यावरून नव्हे, वाक्यं कापण्यावरून. लहानपणी ती "मला ना ते..." एवढं म्हणायची आणि गप्प. पुढचं समोरच्यानं ओळखून घ्यायचं. शाळेत बाईंनी उभं केलं की उत्तर येत असूनही तिचे कान तापायचे आणि ती बाकाच्या कडेवर नख घासत उभी राहायची. "हिचं प्रत्येक वाक्य मधेच कापलेलं," मामा म्हणायचा. "कात्रीच आहे पोरगी."

आणि आता तीच पोरगी नववीत होती, केस उंच बांधून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, आपल्या दुप्पट-तिप्पट वयाच्या माणसांना बिनधास्त लिहीत होती, "तुमचा सूर्यास्त फार सुंदर आहे, पण मला मधेच जांभई आली. अर्धा करा." आणि ती माणसं चक्क अर्धा करत होती!

ही सगळी करामत 'जोडकाम'ची. जोडकाम म्हणजे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची साइट. लग्नं कापणारे, बातम्या जोडणारे, कधीकाळी खऱ्याखुऱ्या फिल्मच्या पट्ट्या ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडलेले म्हातारे, आणि कात्रीसारखे घरच्या घरघरत्या लॅपटॉपवर धडपडणारे, सगळे तिथं एका पंगतीत. तिथं धडे होते. फुकट आवाज होते. नुसत्या दारांचेच किती! लोखंडी दार, लाकडी दार, रागानं आपटलेलं, कुणाला कळू नये म्हणून हळूच लोटलेलं. सरावासाठी कुणीतरी आपलं न कापलेलं चित्रण टाकायचं आणि मग एकच नवरा-बायकोचं भांडण सगळ्यांनी आपापल्या परीनं कापायचं. एकाच्या कापण्यात बायको बरोबर वाटायची, दुसऱ्याच्या कापण्यात नवरा, आणि कात्रीनं कापलं तेव्हा दोघंही इतकी हास्यास्पद वाटली की ज्यानं ते चित्रण टाकलं होतं त्यानं लिहिलं, "कात्रीताई, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

कात्री उशीत तोंड खुपसून हसली. तिनं उत्तर दिलं, "पुष्कळ."

"अभ्यासाच्या नावानं काय खिदळतेस गं?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"भूगोल!" कात्री म्हणाली.

मामाचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं. आत पाऊल टाकलं की आधी तेलाचा वास, मग भिंतीवर टांगलेले काळे पट्टे, बरण्यांमधल्या सुया, स्क्रू, बॉबिन, आणि मधल्या टेबलावर कुठलं तरी मशीन पोट उघडून पडलेलं. मागच्या खोलीत मामाचा संसार, म्हणजे एक पलंग, एक रेडिओ आणि तो स्वतः. जेवायला मात्र रोज बहिणीकडे.

मामा भयंकर बोलका. गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाइकाशी, नसेल तर मशीनशी. "काय बाई, कुणी छळलं तुला? जाड जीन्स शिवायला लावली ना? सांगू नकोस, मला कळलं." भिंतीपलीकडे लाँड्री होती. तिथलं मोठं धुलाई यंत्र दिवसभर गरगरायचं. त्याची घरघर भिंतीतून पाझरत यायची, आणि दर फेऱ्याला ते यंत्र एकदा अडखळायचं, उचकी लागल्यासारखं. ती उचकी सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की कुणाला ऐकूच यायची नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी कात्रीनं मामाला काम करता करता बोलताना चित्रित केलं. प्रकल्पात त्यातला चिमूटभर भाग गेला, शाबासकी मिळाली, विषय संपला. मामा तेव्हा खोकत होता. धूळ असेल, तेलाचा वास असेल, असं म्हणत म्हणत शेवटी घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, जीव वाचला, आणि आवाज गेला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. परत येणार नाही, म्हणाले. मामा दवाखान्यात असतानाच लाँड्रीही उचलून दुसऱ्या रस्त्यावर गेली. तो घरी आला तेव्हा भिंत गप्प आणि तोही गप्प.

वरून तरी मामानं काही मनाला लावून घेतलं नाही. त्यानं लहान मुलांची ती, लिहून दांडी ओढली की पुसली जाणारी पाटी आणली. त्याचे विनोद आता जरा उशिरा पोहोचायचे. आधी खरखर, मग पाटी वळायची, मग आपण हसायचं. घरात सगळं पुन्हा रुळावर आलं होतं. बाबा त्यांच्या दौऱ्यांवर, आई तिच्या कामात, आणि संध्याकाळी मामाची पाटी ताटाशेजारी.

एकदा पाटी कात्रीकडे वळली. "माझा तो पिक्चर कुठाय?"

झालं! कात्रीनं सगळं चित्रण पुन्हा उघडलं आणि बाह्या सरसावल्या. पहिलं काम, खोकला काढायचा. सगळाच्या सगळा. मामाला स्वतःचा खोकला पुन्हा ऐकू द्यायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं. वाक्याच्या मधे खोकला आला की कापायचा, आणि त्या जागी चित्रात मामाचे हात दाखवायचे, सुई दाखवायची, थेंब थेंब तेल सोडणारी बाटली दाखवायची. चित्र तर इतकं लोण्यासारखं सरकायला लागलं की कात्री स्वतःवरच खूश झाली.

आवाजानं मात्र घात केला. खोकला काढला की आवाजाच्या पट्टीवर तिथं काहीच उरत नाही. आणि काहीच नसणं म्हणजे शांतता नव्हे! खऱ्या खोलीत 'काहीच नाही' असं कधी नसतंच. दिवा गुणगुणत असतो, रस्ता वाहत असतो, भिंत घरघरत असते. मामा बोलायचा, बोलायचा, आणि एकदम कुणीतरी जगाचा खटका बंद केल्यासारखं व्हायचं. मग पुन्हा बोलायचा.

मामानं हेडफोन लावून ऐकलं. पाटीवर लिहिलं, "छान. पण मधे मधे मी मरतो का?"

कात्री हसली. मामाही हसला, खांदे हलवून. मग त्यानं पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, "एकदा सलग ऐकायचंय. रविवारी, वाढदिवसाला." आणि ते पुसून, "माझाच आवाज मला आठवेनासा झालाय."

"होईल, मामा," ती म्हणाली. पूर्ण वाक्य. "रविवारी तू सलग बोलणार."

जोडकामवर तिनं आपली अडचण मांडताच 'जुनी रीळ' धावून आली. जुनी रीळ बाई की बुवा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फिल्मच्या काळातलं कुणीतरी होतं, सगळ्यांना बाळ म्हणायचं आणि बाळांना झापायचं.

"रूम टोन घेतला नाहीस?"

हीच तर चूक झाली होती. चित्रण संपलं की सगळ्यांनी आपापल्या जागी पुतळ्यासारखं उभं राहायचं, श्वासही बेतानं घ्यायचा, आणि रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ नोंदून घ्यायचा. तो रूम टोन. पुढं कुठं भोक पडलं तर ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवायचं.

"मामा गप्प बसेल तर घेणार ना," कात्रीनं लिहिलं. "तो थांबला की हातोडी वाजायची, हातोडी थांबली की खोकला."

"आता जाऊन घे."

"आता शेजारची लाँड्री नाही. ती खोली तशी वाजतच नाही."

"मग शांततांच्या कपाटात बघ, बाळ."

जोडकामवर हे एक कपाट होतं, आणि कात्रीचं ते भलतंच लाडकं. लोकांनी आपापल्या रिकाम्या खोल्यांचे आवाज तिथं ठेवले होते. सुट्टीतला वर्ग. मालवाहू जहाजाची केबिन. कुणाच्या सासूचं स्वयंपाकघर, सासू बाहेर गेलेली असताना, आणि त्यावर कुणीतरी शेरा मारलेला, "ही शांतता दुर्मीळ आहे, जपून वापरा." कात्रीनं एकेक करून मामाच्या आवाजाखाली अंथरून पाहिलं. वर्ग फार पोकळ. जहाज फार जड. स्वयंपाकघरात मामा पाहुण्यासारखा वाटायला लागला.

कपाटाच्या अगदी तळाशी एक शांतता होती. कुणी ठेवली, कुठली, काही लिहिलेलं नाही. नाव फक्त एक शब्द, 'बसेल'.

कात्रीनं ती अंथरली आणि सुरू केली.

घरघर. लांबून, भिंतीतून पाझरत आल्यासारखी. आणि मग उचकी. पुन्हा घरघर. पुन्हा उचकी.

हेडफोन काढून तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दुपार होती, खाली कुणीतरी सायकल पुसत होतं, सगळं जागच्या जागी होतं. तिनं पुन्हा ऐकलं. लाँड्रीच होती. मामाची वाक्यं तिच्यावर अशी विसावली जणू कधी उठलीच नव्हती.

आनंदानं ती ही शांतता एकामागून एक चिकटवत सुटली. शांतता छोटी, फिल्म मोठी, म्हणून तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा, एडिटर लोक नेहमी असंच करतात. सगळी भोकं बुजली. मग तिनं जोडकामवर हर्षानं लिहिलं, "बसली! कुणी नोंदवलीय ही? आमच्या मामाच्या दुकानातली आहे!"

"कुठल्या मामाचं दुकान?" ज्याला सगळे खलाशी म्हणायचे त्यानं लिहिलं. "ती माझ्या जुन्या जहाजावरची आहे. मी इंजिन ओळखतो."

"अहो, इंजिन कुठलं! तो आमच्या गिरणीतला पंखा आहे."

"माझ्या आईच्या खोलीतलं घड्याळ आहे त्यात. स्पष्ट ऐकू येतं."

लोक जाम चेष्टामस्करीत भांडत होते. कात्री वाचत होती आणि तिचं हसू हळूहळू विरत होतं.

शेवटी जुनी रीळ आली. "ती सगळ्यांना बसते. आम्ही विचारत नाही. तू एवढंच कर, शेपूट काप. अगदी शेवटी कुणीतरी श्वास घेतं, बोलायच्या आधी घेतो तसा. त्याच्या आधी कापायचं आणि मगच वापरायची."

कात्रीनं टाइमलाइनकडे पाहिलं. शेपटासकट चिकटवलेले तुकडे, ओळीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कापायला हवं, तिनं मनात म्हटलं. पण आधी तिनं तो श्वास ऐकला. छातीभरून घेतलेला, बोलण्याच्या तयारीतला. ऐन मामाच्या वाक्याआधी येणारा. आणि मामाचा श्वास तिच्याकडे एकही स्वच्छ नव्हता, सगळे खोकल्याबरोबर गेले होते. हा इतका चपखल बसला होता की मामा आता बोलायच्या आधी खरंच श्वास घेत होता.

राहू दे की, तिला वाटलं. कुणाला कळतंय!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिनं फिल्म पुन्हा लावली. पहिल्या तुकड्याच्या शेवटी श्वास होता. पुढच्याच्या शेवटी श्वास आणि त्यानंतर ओठ उघडल्याचा बारीक आवाज. तिनं भुवया उंचावल्या. काल असा नव्हता. पुढच्याच्या शेवटी ओठांनंतर घसा. त्यापुढच्यात 'अ'.

पण हे सगळे तुकडे म्हणजे एकच तुकडा होता! तिनं स्वतः उचलून उचलून ठेवलेला. एकाच शिक्क्याचे ठसे वेगवेगळे कसे उमटतील? तिनं सगळ्यांची नागमोडी रेघ मोठी करून एकाखाली एक लावून पाहिली. सुरुवात तंतोतंत सारखी. शेपटं मात्र वाढत गेलेली. रांगत्या मुलानं उभं राहावं, मग पाऊल टाकावं, तशी.

शेवटच्या तुकड्यात शब्द होता. "अगं."

मामाचा आवाज. खोकल्याशिवाय.

तिनं जोडकामवर लिहिलं. यावेळी कुणी चेष्टा केली नाही.

"शेपूट कापलं नव्हतंस?" जुनी रीळ.

"नाही."

"आता काप."

"नाही कापलं तर काय होतं?"

खलाशानं लिहिलं, "मी नेहमी कापतो, कात्रीताई. आम्ही सगळेच कापतो. पुढचं कुणाला माहीत असणार?"

शनिवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन मामाच्या दुकानात बसली. एकेका शेपटावर जायचं आणि कापायचं, सोपं काम. उद्या सकाळी फिल्म दाखवायची होती. दारातून ऊन आत आलं होतं, बरण्यांमधले बॉबिन चमकत होते, मामा एका मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता. शिंपीणबाईंनी ते सकाळीच आणून टाकलं होतं. त्यानं पट्टा बदलला, तेल दिलं, तरी टाका सुटतच होता. पाटीवर त्यानं स्वतःसाठीच लिहिलं होतं, "हट्टी बाई."

कात्रीनं शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात केली. कापण्याआधी एकदा ऐकलं.

"अगं," मामाचा आवाज म्हणाला, "त्याला सांग, पट्ट्याचं काही नाही. आत डावीकडचा स्क्रू बघ म्हणावं."

कात्रीचे हात कळांवरच गोठले.

तिचा चेहरा बघून मामा उठून आला. भुवयांनीच विचारलं, काय झालं? मग त्यानं तिच्या डोक्यावरचे हेडफोन काढून स्वतः लावले. तिनं थांबवायला हवं होतं. पण उद्या जे त्याला मिळायचं होतं तेच तर तो ऐकत होता. तिनं तुकडा पुन्हा सुरू केला.

मामाच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्याचा हात आपोआप गळ्याकडे गेला, तिथल्या व्रणावर. डोळे भरले. तो इतका सुंदर हसला की कात्रीला रडू आलं.

मग तो मशीनकडे गेला. डावीकडचा स्क्रू सैल होता.

त्यानं तो आवळला, चाक हातानं फिरवलं. टाका सरळ पडत गेला.

"मामा," कात्री म्हणाली, "हे तू कधी बोललेला नाहीस. हे मशीन तेव्हा इथं नव्हतंच. मी हे कापणार आहे."

खरखर. पाटी वळली. "राहू दे."

"पण हे तू बोललेला नाहीस!"

त्यानं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. "बोलणारच होतो."

कात्रीनं शेपटं ठेवली.

रविवारी सकाळी दुकान नुसतं फुललं होतं. आईनं लाँड्रीच्या बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली होती. शिंपीणबाई, गणवेश शिवणारे काका, त्यांची नात, आणि ज्यांची मशीन मामानं आयुष्यभर जगवली ते सगळे खुर्च्यांवर, स्टुलांवर, खोक्यांवर, एकमेकांच्या पायांवर बसलेले. कात्री पुढं उभी राहिली आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "हा मामाचा पिक्चर. मोबाइल बंद करा. मधे बोलाल तर कापून टाकीन." लोक हसले. आई दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती, ओळख पटत नसल्यासारखी, आणि तिच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

दिवा बंद झाला. दार लोटलं. घरघर सुरू झाली, उचकी आली, आणि मामा बोलायला लागला.

एकही भोक नाही. एकही खोकला नाही. सलग.

लोक हळूच एकमेकांना कोपरानं ढोसत होते. हाच तो, हाच तो आवाज! मामाच्या मशीनशी गप्पा, त्याचे फालतू विनोद, त्याची "सांगू नकोस, मला कळलं." गणवेशवाले काका डोळे पुसत होते आणि आपण पुसत नाही असं दाखवत होते.

मग श्वास आला, आणि मामा म्हणाला, "जरा पुढे सरका, मागच्यांना दिसत नाही."

सगळे पुढे सरकले. मग लक्षात आलं, आणि हास्याचा स्फोट झाला.

"वा गं कात्रे, काय डोकं चालवलंयस!"

"शिंपीणबाई," पुढच्या श्वासानंतर आवाज म्हणाला, "गुडघा कसा आहे?"

"आधी सांगितलं असतंस तर केस तरी रंगवून आले असते," शिंपीणबाई चादरीला म्हणाल्या, आणि पुन्हा हसू उसळलं.

सगळ्यांना ती कात्रीची गंमत वाटत होती. कात्रीनं हसून मान झुकवली, कौतुक घेतलं. यातलं एकही वाक्य मात्र तिनं जोडलेलं नव्हतं.

तिनं मामाकडे पाहिलं.

तो पहिल्या रांगेत होता. चादरीवरचा उजेड त्याच्या तोंडावर हलत होता आणि त्याचे ओठ चालत होते. आवाजाबरोबर, शब्द न् शब्द.

बरोबर नव्हे.

एडिटर लोकांचं असं असतं, ओठ आणि आवाज केसभर जरी सरकले तरी त्यांच्या डोळ्यांना टोचतं. मामाचे ओठ जरासे मागे होते. आधी शब्द यायचा. मग त्याचे ओठ.

फिल्म संपली. टाळ्या. कुणीतरी दिवा लावला, दार उघडलं. कात्रीनं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

भिंत घरघरत होती. एक उचकी आली. मग गोंगाटात कुणाला काही ऐकू आलं नाही.

तो दिवस इतका छान गेला! मामानं प्रत्येकाला मिठी मारली. दुपारभर दुकानात माणसं येत राहिली, फिल्म पुन्हा पुन्हा लागत राहिली, आणि दर वेळी मामा नवीनच काहीतरी बोलला तरी कुणी हटकलं नाही, कारण दर वेळी बघणारे नवे होते. जोडकामवर जुन्या रिळीनं विचारलं होतं, "कापलंस ना, बाळ?" कात्रीनं उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. मग पान बंद केलं. मामाला त्याचा आवाज मिळाला होता, तिनं दिलेला शब्द पाळला होता, आणि एवढ्या सुखी चेहऱ्याला ती काय म्हणून कापणार होती?

संध्याकाळी मामा आणि ती, दोघं मिळून दुकानात नेलेल्या खुर्च्या घरी परत घेऊन आले. मामानं हात धुतले आणि आपल्या नेहमीच्या जागी टेबलाशी येऊन बसला. दमलेला, तृप्त. कात्री ताटं मांडत होती. आई आत शेगडीशी होती, दरवाज्याकडे पाठ करून, गुणगुणत.

जेवण तयार झालं की दुकानातल्या लँडलाइनवर फोन करायचा, ही आईची वर्षानुवर्षांची पद्धत. शस्त्रक्रियेनंतर ती नुसती रिंग देऊन ठेवून द्यायची. तिकडे कुणी उचलत नसे, मामा समजून निघायचा. आजही, तो आल्याचं न कळल्यामुळे, तिनं शेगडीवरून नजर न काढता एका हातानं फोन लावला आणि भिंतीला टेकवून ठेवला. स्पीकरवर रिंग वाजायला लागली.

कात्री सांगणारच होती, अगं आई, मामा इथंच आहे.

तिकडे फोन उचलला गेला.

"आलो गं," मामाचा आवाज म्हणाला. मागे भिंतीची घरघर होती. "मशीन झाकतो आणि निघतोच."

"ये लवकर, दादा. गार होईल," आई म्हणाली, इतकी वर्षं म्हणत आली तशी, आणि फोन ठेवून पुन्हा गुणगुणायला लागली.

कात्रीनं मामाकडे पाहिलं. तो दचकला नव्हता. तो शांत चेहऱ्यानं दाराकडे बघत होता. मग त्यानं आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली, शेजारी आणखी एक बसेल एवढी.